बोर्जूच्या सिंहाला बांधलेली वेणी

बाजुफ्तच्या खोऱ्यात, उन्हाळ्यात आमचे तंबू पडतात त्या वरच्या कुरणात, झऱ्याच्या उजव्या अंगाला आमचं जुनं कब्रस्तान आहे. तिथे दगडी सिंह उभे आहेत. कुणाचं नाक पडलंय, कुणाच्या पाठीवर शेवाळ चढलंय, एक तर पोरांनी घोडा करून करून पार गुळगुळीत केलाय. घरातला मर्द गडी लढता लढता किंवा ऐन तारुण्यात गेला की त्याच्यावर सिंह बसवायचा आणि सिंहाच्या कुशीवर तलवार, बंदूक, घोडा कोरायचा, ही आमची रीत. बायकांच्या वाट्याला येतो आडवा दगड, त्यावर एक कंगवा आणि एक कात्री. तक्रार करायला त्या उठून येत नाहीत, म्हणून हे चालून गेलं.

या सगळ्या सिंहांमध्ये एक सिंह असा आहे की वाचता येणारा माणूस त्याच्यापाशी थबकतो. कुशीवर लिहिलंय, ‘हा बोर्जू, अलमासचा मुलगा. याच्यासाठी फातिहा वाचा.’ मेलेल्यासाठी दुआ मागितली, इथवर सगळं रीतसर. पण खाली, पुढच्या पंजाजवळ, आणखी एक ओळ आहे. ‘मारणारा दाराब, खुदाकरमचा मुलगा. त्याला शाप द्या.’

मेलेल्याच्या दगडावर मारणाऱ्याचं नाव कोरल्याचं आमच्या डोंगरात दुसरं उदाहरण नाही. ते कोरून घेतलं बोर्जूच्या आईने, शाहपसंदने. मुल्ला नको नको म्हणत होता. पाथरवट म्हणाला, “बाई, वर जागा आहे, वरच लिहितो की दोन्ही.” शाहपसंद कडाडली, “वर माझं लेकरू आहे. त्या मेल्याचं नाव खाली घाल, पायाशी. मेंढरं अंग घासतील तिथे.”

हे बोलणं थोड्या अंतरावर उभी असलेली एक मुलगी ऐकत होती. तिचं नाव गुलाबतून. ती दाराबची सख्खी बहीण. सिंह आणि ती एकाच मोसमात त्या वस्तीवर आले.

खून कशावरून झाला हे सांगायलाही लाज वाटावी. लग्नात आमच्याकडे काठ्यांचा खेळ असतो. ढोल-सनई सुरू झाली की एकाने दुसऱ्याच्या पायावर काठी मारायची, दुसऱ्याने ती आपल्या काठीने अडवायची. मार गुडघ्याखालीच बसला पाहिजे, एवढाच नियम. दाराबची काठी वर बसली. बोर्जू हसत हसत म्हणाला, “खुदाकरमच्या घरात पाय कुठे संपतो तेवढंही शिकवत नाहीत वाटतं!” सगळा मांडव हसला. बायकाही हसल्या, आणि तेच दाराबच्या डोक्यात गेलं. दुसऱ्या दिवशी झऱ्यावर जनावरं पाण्याला आली तेव्हा त्याच्या खांद्यावर बंदूक होती. दोघांचीही मिसरूड नुकतीच फुटलेली.

मग पांढऱ्या दाढीचे लोक दोन्ही वस्त्यांच्या मध्ये बसले. आणखी मुडदे पडू द्यायचे नसतील तर मारणाऱ्याच्या घरातली मुलगी मेलेल्याच्या घरात द्यायची, म्हणजे रक्त थांबतं. गुलाबतूनला विचारायचा प्रश्नच नव्हता. ना ढोल, ना सनई, ना मेंदी. एका खेचरावर बसवून म्हाताऱ्यांनी तिला डोंगर ओलांडून आणलं आणि बोर्जूच्या धाकट्या भावाशी, मंदनीशी, तिचा निकाह लावला. आईने निघताना तिच्या हातात काही दिलं नाही. आई तंबूच्या बाहेरच आली नाही. आपण सून म्हणून आलो की दंड म्हणून, हे त्या मुलीला कोणी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही पडली नाही.

मंदनी माणूस साधा. माणसांपेक्षा तो खेचराशी जास्त बोलायचा. पण त्याने तिच्यावर कधी हात उचलला नाही, आणि आमच्याकडे तेवढ्यावरसुद्धा नवरा चांगला ठरतो. तिला दोन मुलगे झाले, एक मुलगी झाली. ती पहाटे मेंढ्या पिळायची, ताक घुसळायची, लोकर कातायची, तंबू मोडायची, तंबू उभारायची. पोटात मूल घेऊन तिने बर्फातली खिंड ओलांडली. शाहपसंदचे गुडघे धरले की रात्र रात्र शेकून दिले. एवढं करून सासूने तिला कधी नावाने हाक मारली नाही. हाक यायची ती “ए त्यांच्याकडची!” अशी. “त्यांच्याकडची, सरपण संपलं.” “त्यांच्याकडचीला म्हणावं, दुधाकडे बघ, उतू जातंय.” घरातले सगळे शाहपसंदला ‘दा’ म्हणत. आमच्याकडे आईला दा म्हणतात. गुलाबतूनने आल्या आल्या एकदा म्हणून पाहिलं होतं. शाहपसंद शांतपणे म्हणाली, “मला दा म्हणणारा एक तुझ्या भावाने जमिनीत घातला. त्याची जागा भरायला तुला आणलेलं नाही.” त्यानंतर तिने सासूला कसलीच हाक मारली नाही. समोर जाऊन उभी राहायची आणि काय ते सांगायची.

सगळ्यांत जास्त लागायचं ते गुरुवारी. उन्हाळाभर आम्ही वरच्या कुरणात असतो तेव्हा दर गुरुवारी तिसऱ्या प्रहरी बायका कब्रस्तानात जातात. दगड धुतात, हलवा आणि खजूर वाटतात, रडायचं ते रडून घेतात. गुलाबतून पाण्याची पखाल पाठीवर घेऊन सगळ्यांबरोबर चढायची, पण दगडी कुंपणाशी तिला थांबावं लागे. “तिथेच,” शाहपसंद म्हणायची. “तुझा हात त्याला लागायचा नाही.” शेजारणी येऊन पखाल आत न्यायच्या. शाहपसंद सिंहाला डोक्यापासून पोटापर्यंत आंघोळ घालायची, लेकराला घालावी तशी, कानामागेही बोटं फिरवून. पंजाजवळच्या ओळीवर मात्र पाणी पडू द्यायची नाही. शेवटी त्या ओळीवर थुंकायची आणि म्हणायची, “दाराब, जिथे असशील तिथे तुला शांत मरण न येवो.” बायका आमीन म्हणायच्या. कुंपणाबाहेर उभी असलेली गुलाबतून मान खाली घालायची.

तिला आत जायचं होतं. बस, एवढंच हवं होतं. आत जावं, सगळ्या सुना धुतात तसा दगड धुवावा, कोणी तरी नावाने हाक मारावी. मुलं मोठी झाली, मुलीला मागण्या येऊ लागल्या, केसांत पांढरं डोकावू लागलं, तरी हे एक मागणं तिच्या मनातून जाईना. बाई माणूस कशाकशावर जीव लावते ते तिचं तिलाच ठाऊक.

माहेराचं नावसुद्धा त्या वस्तीत निघत नसे. भाऊ खाली तेलाच्या विहिरींवर कामाला गेला, एवढं कधीतरी कानावर आलं होतं. आईबाप आहेत की नाहीत, तेही तिला माहीत नव्हतं.

एका उन्हाळ्यात, कुरणात येऊन थोडेच दिवस झाले असतील, इस्फहानकडचा फेरीवाला गाढव घेऊन झऱ्यावर आला. सुया, आरसे, नीळ, खडीसाखर. गुलाबतून एकटीच पाणी भरत होती. फेरीवाल्याचं तोंड काही बंद राहात नसतं. कुठे कोणाचं लग्न, कुठे कोणाची मेंढरं रोगाने गेली, असं सांगता सांगता तो म्हणाला, “आणि पलीकडच्या खुदाकरमचा तो दाराब, ऐकलंत का? गेला. हिवाळ्यात ताप आला, चार दिवसांत आटोपला. बायको नाही, मूल नाही. बरोबरच्या हमालांनी पुरला म्हणतात.” मग सुयांची पुडी पुढे करत तो म्हणाला, “घ्या ना ताई, जाड कापडाला ही बरी.”

तिने सुई घेतली. पाणी भरलं. तंबूत आली आणि तिकाटण्याला टांगलेली ताकाची मशक हलवायला बसली. लोणी केव्हाच आलं होतं, तरी ती हलवतच राहिली, कारण त्या आवाजात दुसरा कुठला आवाज ऐकू जात नाही. सासू आतून ओरडली, “अगं त्यांच्याकडची, लोण्याचं परत दूध करतेस की काय!”

खुनी होता तो, हे तिला कळत होतं. त्याच्यापायी आपलं सगळं आयुष्य कुंपणाबाहेर गेलं, हेही कळत होतं. तिने त्याला मनातल्या मनात कमी शिव्या दिल्या नव्हत्या. पण लहानपणी तिला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा तोच होता, आणि आता तो परक्या मातीत पडला होता. त्याच्यासाठी रडायला एक बाई नव्हती. घरचा गडी गेला की बाई, आणि भावासाठी तर बहीण, आपली वेणी कापते आणि त्याच्या कबरीवर वाहते. आमच्याकडे याहून मोठा शोक नाही. वेणी कापायला कात्री होती. वाहायची कुठे?

दोन दिवस तिने तो विचार पोटात ठेवला. तिसऱ्या दिवशी, मेंढ्या पिळायच्या आधी, लोकर कातरायची कात्री कमरेला खोचून ती सरपणाला म्हणून निघाली ती थेट कब्रस्तानात शिरली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. दाराबचं नाव त्या सगळ्या खोऱ्यात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण पाथरवटाने छिन्नी कुठे लावली होती ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. मानेपाशी तिने वेणी कापली, सिंहाच्या त्या पंजाला गुंडाळून गाठ मारली, डोक्याला रुमाल घट्ट आवळला आणि सरपण घेऊन घरी आली. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. वारा नेईल, पाऊस नेईल, असंच तिला वाटलं होतं.

गुरुवार आला. शाहपसंदच्या डोळ्यांवर तोवर पडदा आला होता, तिला अंधुक दिसायचं. सिंहावरून हात फिरवत ती खाली आली आणि हाताला काहीतरी मऊ लागलं. तिने ते चाचपलं. “वेणी आहे,” म्हातारी म्हणाली. “कोणाची गं?” तिने एकेकीच्या रुमालाखाली हात घालून पाहिला. मग कुंपणाकडे वळली. अडखळत, दगड चुकवत आली आणि गुलाबतूनच्या मानेवर हात ठेवला. तिथे केस नव्हते.

“तू?” तिचा आवाज फुटला. “माझ्या बोर्जूसाठी? अगं, त्याच्या सख्ख्या मावशीने वेणी कापली नाही, मुलीच्या लग्नाचं निमित्त काढून वाचवली. आणि तू, तू त्याच्यासाठी...” तिने गुलाबतूनचं डोकं छातीशी धरलं आणि हंबरडा फोडला. “गुलाबतून! माझी गुलाबतून! किती छळलं गं मी तुला!”

नाव ऐकून गुलाबतूनच्या अंगावर काटा आला. खरं सांगायला तिने तोंड उघडलंही होतं. पण म्हातारीने तिला हाताला धरून आत ओढलं, पखाल तिच्या हातात दिली. “धू. आजपासून तूच धू. आणि दा म्हण मला.” गुलाबतूनने सिंह धुतला. रडण्याच्या भरात म्हातारी त्या दिवशी थुंकायलाच विसरली.

त्या आठवड्यासारखा आठवडा गुलाबतूनच्या आयुष्यात आधी कधी आला नव्हता. चुलीजवळची बसायची जागा तिला मिळाली. पहिला घास सासूच्या हातचा. शेजारपाजारच्या तंबूंत म्हातारी सांगत सुटली, “पोटच्या पोरीने केलं नसतं ते या पोरीने केलं.” ज्या बायका नाक मुरडायच्या त्या विरजण मागायच्या निमित्ताने येऊन बसू लागल्या. तो घास आपला नाही हे गुलाबतूनला कळत होतं, आणि तरी ती खात होती. खोटं बोलली नव्हती ती. फक्त गप्प राहिली होती. अशी समजूत माणूस स्वतःची घालतच असतो.

मंदनीला शंका आली होती. खेचराला खरारा करता करता, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, “दादाला तू कधी पाहिलंही नव्हतंस.”

तिने रुमाल मानेवर ओढून घेतला.

“मला काही विचारायचं नाही,” तो म्हणाला. “दा कालपासून दोन्ही वेळा पोटभर जेवतेय. एवढंच सांगायला आलो.”

म्हणजे त्याचंही म्हणणं गप्प राहा असंच होतं. आणि राहिली असती ती, मरेपर्यंत राहिली असती. पण पुढचा गुरुवार आला.

या वेळी म्हातारीने खास हलवा केला होता, सढळ हाताने तूप घालून. शेजारणी झाडून आल्या होत्या. गुलाबतूनने सिंह धुतला, कानामागेही धुतला. शाहपसंद शेजारी उभी राहून कौतुकाने तिच्या पाठीवर हात फिरवत होती. मग ती म्हणाली, “आता शाप मी द्यायचा नाही. आता तू या घरची. तू थुंक त्याच्या नावावर, आणि तू म्हण. सख्ख्या बहिणीचा शाप लागला ना, की मग त्याला मातीतसुद्धा जागा मिळायची नाही. म्हण गं.”

बायका आमीन म्हणायला तयार होऊन उभ्या राहिल्या. एवढी वर्षं जिथे यायला गुलाबतून तळमळत होती तिथे ती उभी होती, आणि तिथे उभं राहायचं तर हे म्हणावं लागणार होतं. शब्दही सगळे पाठ होते तिला.

“म्हण की, गुलाबतून. लाजतेस काय?”

“तो मेला, दा,” ती म्हणाली.

“कोण मेला?”

“दाराब. हिवाळ्यात मेला. फेरीवाल्याने सांगितलं. वेणी मी त्याच्यासाठी कापली. त्याचं नाव दुसरं कुठे लिहिलेलंच नाही, म्हणून इथे बांधली. बोर्जूसाठी नाही कापली, दा. मी तुम्हाला सांगायला हवं होतं.”

हलव्याचं ताट कोणाच्या तरी हातातून खाली गेलं. एक शेजारीण म्हणाली, “अगं बाई, हिची हिंमत तर बघा!” शाहपसंदने हात वर केला, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता थोबाडीत बसणार. गुलाबतूनने चेहरा वळवला नाही. पण तो हात बायकांसाठी होता. “जा तुम्ही,” म्हातारी म्हणाली. “सगळ्या जा खाली.”

बायका गेल्या, मागे वळून वळून बघत गेल्या.

शाहपसंद सिंहाला टेकून बसली. मग म्हणाली, “आठवडाभर माझ्या हातचं खाल्लंस.”

“हो.”

“दा म्हणालीस.”

“हो.”

“आणि मी वेडी गावभर मिरवत होते.” तिने रुमालाच्या टोकाने तोंड पुसलं. “कशाने मेला?”

“तापाने.”

“जवळ कोण होतं?”

“कोणी नाही. हमालांनी पुरला.”

“त्याची आई?”

“जिवंत असेल तर पलीकडे असेल. मला ठाऊक नाही. मी इथे आल्यापासून ती मला दिसली नाही.”

म्हातारीने मान हलवली. ती बोटांवर काहीतरी मोजत असल्यासारखी दिसत होती, पण ओठांतून आलं ते इतकंच, “म्हणजे मुलगाही नाही आणि मुलगीही नाही तिच्याकडे.”

गुलाबतून उठली आणि पंजाची गाठ सोडायला वाकली. आता ही वेणी इथे ठेवून चालणार नव्हतं, आणि आपणही पुन्हा कुंपणाबाहेर, हे तिने मनाशी धरलं होतं. म्हातारीने तिचं मनगट पकडलं.

“राहू दे. वाहिलेले केस परत घेत नाहीत.”

“पण दा...”

“मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही, तू माझ्या पाया पडलीस तरी. उद्या मी मेले की वर जाऊन पहिला त्याचाच गळा धरीन.” ती थांबली. “रडलीस का तू त्याच्यासाठी?”

“मशक हलवताना.”

“ते रडणं नव्हे. मोठ्याने, सूर लावून रडलीस का?”

“कुठे रडणार होते मी?”

आमच्याकडे मेलेल्याचा विलाप एकट्या बाईने करायचा नसतो. एका जाणत्या बाईने नाव घेऊन पहिली ओळ उचलायची, मग घरच्या बाईने पुढे न्यायची. नाव उचलल्याशिवाय विलाप सुरूच होत नाही. आणि त्या कुरणात नाव उचलणारी जाणती बाई एकच होती. साऱ्या वस्त्यांतून तिला बोलावणं यायचं, परक्याच्या मयतालाही ती दगडाला पाझर फोडायची.

शाहपसंदने डोळे मिटले. सिंहाच्या पाठीवर एक हात घट्ट रोवला, जसं काही बोर्जूला तिथेच धरून ठेवायचं होतं. दोनदा तिने तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्या वेळी सूर निघाला, फाटका, थरथरता.

“दाराब रे... बहिणीच्या दाराबा...”

बास. तेवढंच. तिने गुलाबतूनच्या कापलेल्या केसांवर हात ठेवला आणि तिचं डोकं आपल्या मांडीकडे ओढलं.

“पुढचं तू म्हण, पोरी,” ती म्हणाली. “माझ्याच्याने एवढंच होतं.”

आणि गुलाबतून रडली. मोठ्याने, भावाचं नाव घेऊन रडली.